फाटलेल्या पोळीला टाळ्या

“मग परत करून टाकू का, माय?”

निरंजनानं पुन्हा विचारलं.

गुंफाबाई अंगणातल्या उन्हात पाय पसरून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. एक शेंग संपली की दुसरी उचलायची. हिरवे दाणे, म्हणजे सोले, मांडीवरच्या ताटलीत पडत होते.

“पदक म्हणते मी. त्यायचं त्यायले धाडून देते अन् मोकळी होते.”

गुंफाबाईनं एक दाणा दाताखाली धरून पाहिला.

“कोवळा हाय,” ती म्हणाली. “यंदा सोले गोड निघून राह्यले.”

निरंजना पायरीवर बसून राहिली. ती काही सोल्यांची गोडी ऐकायला आली नव्हती…

निरंजना खोब्रागडे म्हणजे नागपुरात कामठी रोडच्या कडेला, कडुलिंबाखाली, मडक्यावरची पोळी करणारी बाई. तिकडचे लोक या पोळीला लांब पोळी म्हणतात, कोणी लंबी रोटी म्हणतं. ज्यानं ती होताना पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही.

गव्हाचं पीठ पाणी घालघालून इतकं सैल करायचं की त्याची धार लागावी. मग ते आपटायचं, उचलायचं, पुन्हा आपटायचं. खांदे भरून येईपर्यंत. मग ओल्या तळव्यावर एक गोळा घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर खेळवायचा. गोळा मनगटावर येतो, मनगटावरून कोपराकडे उतरतो, आणि बघता बघता पातळ होऊन दोन्ही हातांवरून पदरासारखा लोंबतो. त्यातून पलीकडचं माणूस दिसतं. त्याच क्षणी तो पालथ्या, तापलेल्या मडक्यावर टाकायचा.

लाटणं नाही, पोळपाट नाही. दोन हात, बस्स.

निरंजनाचे ते दोन हात पाहायला ऑटोवाले ऑटो उभे करत. दवाखान्यात कोणाचं माणूस ॲडमिट असलं की घरचे लोक तिथं येऊन विटांवर बसत, पोळी आणि झणझणीत रस्सा खात, आणि थोडा वेळ का होईना, दवाखाना विसरत.

त्याच विटांवर एकदा एक मध्यमवयीन बाई येऊन बसली. साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी. जेवली, हात धुतले, गेली. काही दिवसांनी पुन्हा आली. मग पुन्हा. कधी काही बोलली नाही. फक्त एकदा पोळी हातांवर उतरत असताना तिचा घास तसाच हातात राहिला होता, एवढं निरंजनाच्या लक्षात होतं.

ती देशातल्या उत्तम भोजनगृहांची निवड करणाऱ्या एका मोठ्या संस्थेची परीक्षक होती.

या संस्थेचं पदक आजवर मिळालं ते पांढऱ्याशुभ्र टेबलांच्या, मंद दिव्यांच्या हॉटेलांना. ते मिळावं म्हणून मोठमोठे आचारी आयुष्य घालवतात. त्या वर्षी यादीत एक नाव असं होतं, की ज्याला दार नव्हतं, भिंत नव्हती, पाटीसुद्धा नव्हती. संस्थेनं त्या नावापुढे लिहिलं होतं : ‘पीठ, पाणी, मीठ आणि दोन हात. याहून कमी सामानात याहून मोठं जेवण आम्ही पाहिलं नाही.’

बातमी आली त्या दिवशी अख्खी वस्ती निरंजनाच्या घरी लोटली. बाया एकमेकींना मिठ्या मारून रडल्या. आपल्या हातचं अन्न कोणी खाईल का, या विचारानं ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या मान खाली घातली होती, त्या घरच्या एका बाईच्या हातच्या पोळीला देशानं पहिल्या पंगतीत बसवलं होतं. म्हाताऱ्यांनी विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या.

गुंफाबाई तेवढी आली नाही.

निरंजनाच तिच्याकडे गेली होती. पेढा हातावर ठेवला, पाया पडली. “माय, तू चल माह्यासंगं मुंबईले. तुह्याशिवाय मी त्या स्टेजवर चढत नाही.”

“माह्या तुरी हायेत घरी,” गुंफाबाई म्हणाली होती.

बस्स. एवढंच…

ही गुंफाबाई गजभिये निरंजनाची गुरू. आता गुरू म्हणावं तर तिनं तो शब्द कधी ऐकून घेतला नसता.

निरंजना लग्न होऊन वस्तीत आली, नवरा कामाला होता ती गिरणी बंद पडली, आणि घरात चूल पेटायची पंचाईत झाली, तेव्हा ती कडुलिंबाखाली गुंफाबाईसमोर जाऊन उभी राहिली होती. त्या काळी ती जागा गुंफाबाईची. “माय, मले शिकव.”

“मले शिकवता येत नाही,” गुंफाबाई म्हणाली. “बसायचं तं बस.”

निरंजना बसली. कित्येक महिने तिनं फक्त पीठ आपटलं. गुंफाबाई बोट लावून पाहायची आणि परत ढकलायची. नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही. पुढं पोळी हातावर घेऊ दिली. ती फाटायची. फाटलेली पोळी गिऱ्हाइकाच्या ताटात जात नसे. गुंफाबाई ती बाजूला काढायची आणि निरंजनाच्या पुढ्यात नवा गोळा सरकवायची.

कधी रागावली नाही. कधी शाबासकीही दिली नाही.

मग एका सकाळी गुंफाबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिनं डाव्या हातानं मडकं उचललं, निरंजनाच्या पुढे ठेवलं आणि म्हणाली, “आता तू बस.” आणि पदर सावरून घरी निघून गेली. त्यानंतर कडुलिंबाखाली ती कधी फिरकली नाही. निरंजनाच्या हातची पोळी चांगली की वाईट, हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं.

सगळ्या नागपूरनं सांगितलं. तिनंच तेवढं नाही.

“माय, तू ऐकून राह्यली का?”

“बोल न. कान काही सोलत नाही मी.”

निरंजनानं पदरात गुंडाळलेलं पदक बाहेर काढून पायरीवर ठेवलं. उन्हात ते चमकलं. गुंफाबाईनं तिकडे पाहिलं, आणि पुन्हा शेंगांकडे.

“तिकडं काय झालं ते तुले मालूम नाही,” निरंजना म्हणाली. “कोणालेच समजलं नाही. लोकायले वाटते मी जिंकून आली.”

गुंफाबाई सोलत राहिली.

मग निरंजनानं सांगितलं…

समारंभ समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात होता. तिला कोणी कमी लेखलं नाही, उलट सगळे आदरानं वागले. उंच पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी येऊन हात जोडत होते. एकानं तर वाकून तिचे तळवे पाहिले, आणि डोळे पुसत बाजूला झाला. परीक्षक बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं. मग तिचं नाव पुकारलं, गळ्यात पदक घातलं, आणि म्हणाले, आता आम्हांला ती पोळी दाखवा.

स्टेजवर शेगडी होती. वर पालथं मडकं. पीठ तिनं सकाळीच स्वतः आपटून ठेवलं होतं.

पहिली पोळी निघाली. टाळ्या.

दुसरी निघाली. लोक उभे राहिले.

“तिसरी घेतली,” निरंजना म्हणाली.

“मंग?”

“अशी उतरली, माय, अशी उतरली हातावर… मले वाटलं, आज दाखवते त्यायले. आजपावतो कोणी केली नसंल एवढी. कोपराच्या खाली गेली. मले समजून राह्यलं होतं, बस म्हणून. हात सांगून राह्यले होते. तरी मी ताणली.”

“काऊन?”

“सगळे पाहून राह्यले होते.”

अंगणात एक चिमणी उतरली, टरफलांत चोच मारून उडाली.

“फाटली,” निरंजना म्हणाली. “मधातून. एवढं भोक. दोन्ही हातायवर चिंध्या लोंबून राह्यल्या. अन् समोर सारे बसलेले… तुले सांगते माय, मले वाटलं आता धरतीनं पोटात घ्यावं.”

“मंग?”

“मंग टाळ्या वाजवल्या त्यायनं.”

निरंजनानं पायरीवरचं पदक दूर सारलं.

“उभं राहून टाळ्या वाजवल्या! पहिल्या दोनपेक्षा जास्त. फाटलेल्या पोळीले. म्हंजे समजते काय त्यायले? चांगली कोणती अन् बिघडली कोणती, हे ज्याले समजत नाही, त्याच्या पदकाचं मी काय करू? अडाणी लोक सारे. सूट घालून बसलेले अडाणी.”

गुंफाबाईचे हात थांबले.

“मीबी वाजवली,” ती म्हणाली.

निरंजनाला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“टाळी. बाजूच्या घरी टीव्हीवर दाखवून राह्यले होते. मीबी वाजवली.”

“पहिल्या पोळीले?”

“नाही.”

“दुसरीले?”

“नाही वं. फाटली तवा.”

निरंजना तिच्याकडे बघतच राहिली. जिनं कधी ‘बरी’ म्हटलं नाही, जिच्या एका ‘बरी’साठी निरंजनानं अख्खं उमेदीचं वय त्या चुलीपुढे काढलं… तिनं टाळी वाजवली होती. आणि कधी, तर फाटली तेव्हा.

“थट्टा करते का माय माही?”

“मले कुठं येते थट्टा.”

…

गुंफाबाई ताटली घेऊन उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. घरात जाऊन सोले चुलीवर टाकून आली. लसणाचा आणि हिरव्या मिरचीचा वास अंगणात पसरला.

निरंजना जागची हलली नव्हती. तिचं अजून सांगून झालं नव्हतं. खरं तर जे सांगायला ती आली होती, ते अजून ओठांवर आलंच नव्हतं.

“माय…”

“हं.”

“तिथून आल्यापासून हात चालत नाही माह्ये.”

गुंफाबाई पुन्हा खाली बसली.

“रोज गर्दी असते. लांबलांबून लोक येतात गाड्या घेऊन. मोबाइल काढून उभे राहतात. अन् गोळा हातावर घेतला की वाटते, फाटली तं? मंग मी ताणतच नाही. बारकी करते. जाडी करते. ते खातात, वा वा म्हणतात, फोटो काढतात अन् जातात. कोणी काही म्हणत नाही.”

“कोणीच?”

निरंजनानं एक टरफल उचलून बोटांत मोडलं.

“तो शेषराव ऑटोवाला हाय न. तुह्या येळेपासून येते. परवा आला, विटेवर बसला. पहिला घास घेतला अन् माह्याकडे पाह्यलं त्यानं. म्हणे, ‘बाई, तुही पोळी भेली आज, घाबरली.’”

गुंफाबाईच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली.

“असं म्हणे?”

“असंच. मोठ्या मायेनं म्हणे. अन् सारी खाल्ली त्यानं. टाकली नाही.” निरंजनानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. “मी तवाच चूल इझवली, माय. तवापासून पेटवली नाही. लोक येतात अन् कडुलिंब पाहून परत जातात.”

आता सगळं बोलून झालं होतं. निरंजनाला वाटलं, आता माय काहीतरी सांगेल. पीठ असं भिज, हात असा धर, मन इथं ठेव. एवढी वर्षं जे सांगितलं नाही, ते आज सांगेल.

गुंफाबाईनं उन्हाकडे पाहिलं.

“भूक लागली मले,” ती म्हणाली. “पीठ डब्ब्यात हाय. पोळी कर.”

“माय, मी काय सांगून राह्यली अन् तू—”

“सोले होत आले. कायसंगं खाऊ?”

निरंजना उठली.

अंगणाच्या कोपऱ्यात गुंफाबाईची जुनी चूल होती. हात गेला तरी ती चूल गुंफाबाई शेणामातीनं सारवत असे. भिंतीला टेकवलेलं एक काळंभोर मडकं होतं. निरंजनानं ते चुलीवर पालथं घातलं, काटक्या लावल्या. परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, पाणी घालायला सुरुवात केली. थोडं मळायचं, थोडं पाणी. पुन्हा मळायचं. मग आपटायचं. थप्… थप्… थप्…

शेजारच्या घरातून कोणीतरी बाई डोकावली. तो आवाज त्या अंगणातून कित्येक वर्षांत आला नव्हता.

पीठ जमलं. मडकं तापलं. गुंफाबाईनं कालवणाचं भांडं बाहेर आणून ठेवलं. निरंजनानं तळवे ओले केले, गोळा घेतला, या हातावरून त्या हातावर दोन-चारदा खेळवला आणि झटकन मडक्यावर टाकला. तळहाताएवढी पोळी. जाडसर.

भाजून निघाली. तिनं ती गुंफाबाईच्या पुढे ठेवली.

गुंफाबाईनं बोटानं दाबून पाहिली.

“दात किती राह्यले माह्ये?” ती म्हणाली. “पातळ कर.”

निरंजनानं दुसरा गोळा घेतला. या वेळी तिनं तो मनगटावर येऊ दिला. मनगटावरून खाली जाऊ लागला तसे तिचे खांदे ताठ झाले. तिनं श्वास धरला. डोळे पोळीवर असे रोखले की जणू ती चोरासारखी पळून जाणार होती. पोळी आणखी उतरली… आणखी…

फाटली.

मधोमध, टरकन्. समारंभात फाटली होती तशीच.

निरंजना तशीच उभी राहिली. दोन्ही हातांवर ओलं पीठ लोंबत होतं.

“पाह्यलं?” ती म्हणाली. “पाह्यलं न तू?”

“टाक.”

“कुठं टाकू? फाटली न.”

“मडक्यावर टाक. हातावर भाजणार हाय का?”

निरंजनानं टाकली. मोठं भोक असलेली, एका बाजूनं लांबलेली, दुसऱ्या बाजूनं गोळा झालेली पोळी मडक्यावर पसरली. भोकातून काळं मडकं दिसत होतं. भाजून झाली तशी गुंफाबाईनं आपणच वाकून डाव्या हातानं ती उचलली, ताटात घेतली, सोल्यांचं गरम कालवण तिच्यावर ओतलं आणि खाऊ लागली.

निरंजना तिच्याकडे बघत होती.

म्हातारी शांतपणे खात होती. घास घोळवत होती, मान हलवत होती. रस ओघळला तर बोट चाटत होती. फाटलेल्या भागाकडून खाल्ली, मग अखंड भागाकडून. तिला काही फरक पडत असावा असं दिसलं नाही.

“अशी पोळी तू गिऱ्हाइकाले कधी देऊ देल्ली नाही मले,” निरंजना न राहवून म्हणाली. “एकबी नाही. बाजूले काढायची.”

“हं. काढायची.”

“काऊन मंग?”

“मले आवडते. मीच खायची.”

गुंफाबाईचं ताट रिकामं झालं. तिनं बोटानं उरलेला रस पुसून घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

“अजून दे. सोले थंडे होऊन राह्यले.”

आणि खरंच, कालवणावरची वाफ कमी होऊ लागली होती. सकाळपासून ती म्हातारी शेंगा सोलत बसली होती, आणि अजून तिचं पोट भरलं नव्हतं. निरंजनाला एकदम आपलीच लाज वाटली. आल्यापासून ती स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत होती. माय जेवली का, हे तिनं विचारलंच नव्हतं.

तिनं घाईघाईनं चुलीत काटकी सारली. तळवे ओले केले. गोळा घेतला. “कांदा हाय का वं घरात? फोडून देते,” असं विचारत तिनं तो हातावर खेळवायला सुरुवात केली.

“टोपल्यात पाह्य.”

“अन् तिखट? तुले सोल्यात तिखट कमी लागलं असंल…”

“पुरे हाय.”

“मीठ?”

“हाय न बाप्पा. तू कर.”

निरंजना बोलत होती आणि हात चालत होते. गोळा मनगटावर आला, कोपराकडे उतरला. तिचे खांदे सैल होते. ती गुंफाबाईच्या ताटाकडे पाहत होती, कालवण किती उरलंय त्याचा अंदाज घेत होती. पोळी दोन्ही हातांवरून लांब, पातळ, झुळझुळीत लोंबली. उन्हाची तिरीप तिच्यातून पार गेली. पलीकडे बसलेली गुंफाबाई त्या पिठाच्या पडद्यातून दिसली, पांढरे केस, पांढरं लुगडं…

तेव्हा कुठं निरंजनाला कळलं की आपल्या हातांवर काय आहे.

तिचा श्वास अडकण्याआधीच पोळी मडक्यावर पडलेली होती.

त्यानंतर काय काय झालं, ते कामठी रोडवर कोणीही सांगेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुलिंबाखालची चूल पेटली. शेषराव ऑटोवाला विटेवर बसून जेवला आणि मग आपणहून आणखी एक पोळी मागून घेतली. निरंजनानं पदक परत केलं नाही. समुद्राकाठच्या त्या हॉटेलानं तिला वर्षातून एकदा आपल्या आचाऱ्यांसमोर पोळी करायला बोलावलं, तशी ती जाते. शिकवा म्हणतात तेव्हा सांगते, मले शिकवता येत नाही, बसायचं तं बसा. ते पांढऱ्या टोप्या काढून बसतात. कधी पोळी साजरी उतरते, कधी फाटते. फाटली तर ती हसते आणि तशीच मडक्यावर टाकते. परीक्षक बाई अजूनही कधीमधी नागपूरला येतात, कापडी पिशवी घेऊन, आणि त्याच विटांवर बसून जेवतात. आता दोघी बोलतात.

पण त्या दुपारी हे काहीच झालेलं नव्हतं.

त्या दुपारी निरंजनानं मडक्यावरून ती पोळी अलगद सोडवली. कुठं डाग नाही, कुठं छिद्र नाही. कडेपासून कडेपर्यंत सारखी, मऊ, रेशमासारखी. तिनं आयुष्यात केलेल्या पोळ्यांत अशी पोळी झाली नव्हती, हे तिला हातातच कळलं. तिचे डोळे भरून आले. तिनं ती दोन्ही हातांवर घेतली आणि गुंफाबाईपुढे अशी धरली, जसं बाळंतिणीनं बाळ दाखवावं.

“पाह्य माय…” ती म्हणाली. “पाह्य न. साबूत हाय.”

आता तरी ती ‘बरी’ म्हणेल…

गुंफाबाईनं पोळीकडे पाहिलं. मग निरंजनाच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग उजवा हात, जेवढा वर जात होता तेवढा, उचलून पोळीचं एक टोक पकडलं. डाव्या हातानं दुसरं टोक धरलं.

आणि टरकन् फाडली.

“माय!” निरंजना ओरडली. तिचे हात पुढे झेपावले.

गुंफाबाईनं अर्धी पोळी आपल्या ताटात घेतली. अर्धी निरंजनाच्या पुढे आलेल्या हातांवर ठेवली. कालवणाचं भांडं दोघींच्या मध्ये सरकवलं.

“फाडल्याबिगर कोणी खाल्ली का वं पोळी आजपावतो?” ती म्हणाली. “बस. जेव.”